डिपला कोणी हात लावायचा नाही

"मी ड्यूटीवर चाललेय," मिस्त्रींच्या बायकोने दारातून जाहीर केलं, "आणि ओट्यावर जे झाकून ठेवलंय, त्याला कोणी हात लावायचा नाही. हात नाही, बोट नाही, चमचा नाही. वास घ्यायचा असेल तर लांबून घ्या."

ती शहरात बस चालवायची. शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने बोलायची तिला सवय होती. त्यामुळे ही सूचना घरातल्या तिघांना, म्हणजे नवरा, सासू आणि लेकीला, तर पोचलीच, पण खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाडही थोडा वेळ एकदम गप्प झालं.

ओट्यावर चीजचं डिप होतं. दोन प्रकारचं चीज किसून, त्यात मलई, लसूण आणि मिरपूड घालून, काचेच्या चौकोनी भांड्यात तिने ते उजाडायच्या आत अर्धंमुर्धं भाजून ठेवलं होतं. संध्याकाळी दादांच्या घरी पोचलं की वर आणखी चीज किसायचं, पुन्हा ओव्हनमध्ये सारायचं, ते फसफसून वर यायचं, सोनेरी व्हायचं आणि मग लोकांनी त्यात टोस्ट बुडवून खायचे. निदान बेत तरी असा होता.

आता एका डिपचं एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण त्यामागे इतिहास होता. दादा म्हणजे मिस्त्रींचे थोरले भाऊ, आणि वहिनी म्हणजे दादांची बायको. वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य होत्या. तिथे त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक वाटी सूप बाहेर पडत नसे. घरीही त्यांचा दरारा असा, की त्या स्वयंपाकघरात असल्या की दादा पाणी प्यायलासुद्धा परवानगी काढायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी दादांच्या वाढदिवसाला मिस्त्रींच्या बायकोने हौसेने केक करून नेला होता. सगळं नीट झालं, फक्त भांड्याच्या तळाला लावलेला कागद काढायचा राहिला. दादा सज्जन माणूस. त्यांनी तो कागद चावून चावून गिळला आणि "खालचा थर जरा चिवट आहे, पण चविष्ट आहे" असा अभिप्राय दिला. वहिनींनी मात्र आपल्या तुकड्याखालचा कागद अलगद सोलून बशीच्या कडेला ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून तू कागदी रुमाल आणत जा हं. कागद तुझ्याकडेच बरा."

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक समारंभाला मिस्त्रींची बायको कागदी रुमाल नेत होती. कधी पांढरे, कधी फुलाफुलांचे. ती कधी काही बोलली नाही. पण रुमालांचा गठ्ठा टेबलावर ठेवताना तिचा चेहरा कसा होतो, ते मिस्त्रींना माहीत होतं.

आणि आता वहिनी निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या पार्टीला त्यांनी स्वतः रांधायचं नाही, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा, असं ठरलं. ही वाटणी दादांनी केली, आणि दादांना इतिहास लक्षात राहत नाही. त्यांनी फोन करून भावजयीला सहज सांगून टाकलं, "तू काहीतरी गरम आण बघ." फोन ठेवून ती मिस्त्रींकडे वळली. मग म्हणाली, "मला पदार्थ मिळाला." बसच्या डेपोत एखाद्याला नवी कोरी गाडी मिळावी, तसा आवाज होता.

तर असं ते डिप. बायको गेली आणि मिस्त्री स्वयंपाकघरात त्याच्यासमोर एकटेच उभे राहिले.

ते गिलावा करणारे मिस्त्री होते. भिंत गुळगुळीत करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंत कितीही उखडलेली असो, त्यांनी दोनदा थापी फिरवली की तिचा मागचा सगळा जन्म पुसला जायचा. स्वभाव मात्र घाबरट. त्यातून बायकोच्या बाबतीत फारच. त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता, की यात पुन्हा काही राहून गेलं असेल तर? मीठच नसेल तर? आज वहिनींच्या समोर, त्यांच्या हाताखालच्या सगळ्या बायकांच्या समोर तिची फजिती झाली, तर ती पुढे जन्मभर रुमालच वाहत बसेल. तेव्हा चव बघणं हे नवरा म्हणून आपलं कर्तव्यच आहे. हात लावू नका म्हणाली, पण ते आपल्याला थोडंच म्हणाली? ते आईला आणि लेकीला म्हणाली.

त्यांनी फडकं उचललं. डिपची वरची बाजू गुळगुळीत भिंतीसारखी सपाट होती. कारागिराच्या नजरेने त्यांनी आधी तिला मनापासून दाद दिली आणि मग कोपऱ्यात चमचा घातला.

मीठ होतं. लसूण होता. सगळं होतं. इतकं होतं, की मिस्त्रींचा स्वतःच्या जिभेवर विश्वास बसेना. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग आनंद झाला म्हणून तिसरा. त्यानंतरचे चमचे नेमके कशासाठी घेतले ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण भानावर आले तेव्हा डिपच्या एका अंगाला काचेचा तळ दिसत होता.

"अरे देवा," मिस्त्री म्हणाले.

असा प्रसंग दुसऱ्या कोणावर आला असता, तर तो माणूस घाबरून फडकं टाकून पळाला असता, किंवा त्याने बायकोला फोन करून कबुली दिली असती. पण भगदाड दिसलं की ते बुजवायचं, एवढं एकच मिस्त्रींना आयुष्यात शिकवलेलं होतं. फ्रिजमध्ये उकडलेले बटाटे होते. त्यांनी ते बारीक कुस्करले, दुधाचा हात लावून माल हवा तसा सैल करून घेतला, चवीपुरतं मीठ घातलं. मग हत्यारांच्या पिशवीतून सगळ्यात लहान थापी काढली, ती साबणाने तीनतीनदा धुतली आणि जीभ दातांत धरून कामाला लागले. कडा आधी, मग मध्य, मग हलका हात. वरून थोडं चीज भुरभुरवून त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. सांधा कुठे आहे, ते त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

"काय करतोस रे तिथे?" बाहेरून आईने विचारलं.

"काही नाही. पाणी पितोय."

"पाणी प्यायला साबण कशाला लागला?"

मिस्त्री घाईने व्हॅन धुवायला खाली निघून गेले. व्हॅनमध्ये सिमेंटची धूळ होती आणि संध्याकाळी त्याच व्हॅनने सगळ्यांना जायचं होतं. ती धुताना त्यांना आपल्या कामाचं मनातून कौतुकही वाटत होतं. चव उत्तम आहे, बायकोची लाज राहणार आहे, आणि एका कोपऱ्यातला थोडासा बटाटा कोणाच्या ध्यानात येतोय?

वर आले तेव्हा आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. दुपारच्या जेवणाला तिने नको म्हटलं.

"का गं? बरं नाही वाटत?"

"भूक नाही," आई म्हणाली. तिने डोळे उघडले नाहीत.

लेक उशिरा उठली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी तिला सगळ्याच गोष्टींची चिकित्सा सुचायची. तीही जेवली नाही. "डाएट," एवढंच म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून स्ट्रॉ हातात घेऊन बाहेर आली.

"स्ट्रॉ कशाला?"

"सरबत प्यायले, बाबा."

सरबताचा पेला कुठे दिसत नव्हता. पण ज्याच्या स्वतःच्या पोटात काही लपवलेलं असतं, तो दुसऱ्याला फार प्रश्न विचारत नाही.

चार वाजायच्या सुमाराला बायको आली. आल्या आल्या तिने फडकं उचललं. मिस्त्रींनी श्वास रोखला. आईने डोळे आणखी घट्ट मिटले. लेक खिडकीबाहेर बघू लागली.

"वा," बायको म्हणाली. "कोणी हात लावलेला नाही. खरंच शहाणी आहात सगळी." आणि तिचे डोळे चक्क भरून आले. "तुम्हाला सांगते, दिवसभर गाडी चालवताना माझं सगळं ध्यान इथेच होतं. एक सिग्नल सुटून हिरव्याचा पुन्हा लाल झाला तरी मी उभीच. मागचे लोक ओरडायला लागले."

मिस्त्रींना स्वतःला भिंतीत चिणून घ्यावंसं वाटलं.

निघताना भांडं कोणी मांडीवर घ्यायचं यावरून व्हॅनपाशी विचित्रच वाद सुरू झाला.

"मी धरतो," मिस्त्री म्हणाले. ज्याने बुजवलं त्यानेच ते सांभाळलेलं बरं, असा त्यांचा विचार.

"तुझा हात थरथरतो," आई म्हणाली. "माझ्याकडे दे."

"आजी, तुझे गुडघे दुखतात ना? मी घेते," लेक म्हणाली.

"दुखेनात! मांडीवर घेऊन बसायला गुडघे लागत नाहीत."

"एवढं प्रेम!" बायको हसून म्हणाली. "बरं, तिघं मागे बसा आणि तिघं मिळून धरा. गाडी मी चालवते."

तिने ती खडखडी व्हॅन अशी चालवली, की वाटेत एकही झटका बसला नाही. वळणावर ती बसच्या सवयीने "सांभाळून" म्हणायची आणि मागे तिघंजण सहा हातांनी भांडं सपाट धरायची. मिस्त्रींनी तर खिशातून भिंतीची पातळी बघायची पाणसळ काढून काठावर ठेवली. बुडबुडा मधोमध होता. सगळं ठीक होतं.

दादांच्या घरी बरीच मंडळी जमली होती. नातेवाईक होते, शेजारी होते आणि वहिनींच्या हाताखाली काम केलेल्या इस्पितळातल्या बायका होत्या. त्यातल्या एका जाडजूड प्रेमळ बाईंना सगळे सूपबाई म्हणत, कारण सूपचं खातं त्यांच्याकडे होतं. वहिनी नवी साडी नेसून सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे बसवलेल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर होते, पण कान स्वयंपाकघराकडे. आत एखादं भांडं पडलं की त्या उठायच्या आणि सूपबाई त्यांना दंडाला धरून खाली बसवायच्या.

"तू काय आणलंस गं?" वहिनींनी धाकट्या जावेला विचारलं. "रुमाल ना?"

"डिप," ती म्हणाली. मान ताठ होती, पण आवाज शेवटच्या सीटपर्यंत काय, पहिल्या सीटपर्यंतही पोचला नाही. "चीजचं. गरम."

वहिनींच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच थांबल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "बघू."

स्वयंपाकघरात बायकोने डिपवर चीजचा शेवटचा थर किसला, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि काचेच्या दारासमोर उकिडवी बसली. मिस्त्री तिच्या मागे उभे. आई आणि लेक बाहेर गप्पा मारायच्या सोडून आत का घुटमळत होत्या, ते त्यांना कळेना.

कडेचं चीज आधी वितळलं. मग बुडबुडे आले. डिप फसफसायला लागलं, मधोमध खाली बसायला लागलं, आणि मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. कारण इतकी वर्षं गिलावा करून त्यांना जी गोष्ट कळायला हवी होती ती आता कळत होती. चीज वितळतं. बटाटा वितळत नाही.

सगळीकडचं डिप पातळ होऊन खाली जात होतं आणि त्यांचा कोपरा, नीट घासूनपुसून बसवलेला, काटकोनात कापल्यासारखा चौकोनी, जागच्या जागी उभा होता. हळूहळू तो पाण्यातून बेट वर यावं तसा वर आला.

"अहो," बायको म्हणाली, "हे टेंगूळ कसलं?"

"कुठे?"

"हे काय, समोर! चांगलं ओट्याएवढं आहे."

"ओव्हनमध्ये उष्णता सगळीकडे सारखी नसते," मिस्त्री म्हणाले. "भिंतींचंही असंच होतं."

"आणि हे दुसरं?"

"दुसरं?" मिस्त्री खाली वाकले. दुसऱ्या बाजूला खरोखरच आणखी एक उंचवटा होता. हा चौकोनी नव्हता. ओबडधोबड होता, मध्येच फुगलेला होता. मिस्त्री चक्रावले. ते असलं गचाळ काम कधी करत नसत. आणि तेवढ्यात मधल्या भागात, फसफसणाऱ्या चीजमधून, बोटाएवढ्या जाडीचे पांढरे खुंट एकामागून एक डोकी वर काढू लागले. कुठे एक, कुठे दोन शेजारीशेजारी. थोड्याच वेळात त्या डिपमध्ये एक पठार, एक टेकडी आणि कुंपणाचे खांब असा सगळा मुलूख तयार झाला.

बायको उठली नाही. ती तशीच उकिडवी बसून त्या काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, "बिघडलं."

"अगं, तसं नाही..."

"बिघडलं हो. काहीतरी चुकलंच माझं. मीच मूर्ख. दादांनी आपलं चांगुलपणाने सांगितलं, मी हो कशाला म्हटलं? मला नाहीच येत." आणि गच्च भरलेली बस गर्दीच्या रस्त्यातून काढणाऱ्या त्या बाईने पदराने डोळे टिपले. "तुम्ही जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून रुमाल घेऊन या. तेवढे तरी असू देत."

इथे मिस्त्रींचं सगळं कसब संपलं. बायकोच्या चेहऱ्यावरचं ते भगदाड बुजवायला त्यांच्याकडे कुठलाच माल नव्हता.

"बटाटा आहे तो," ते म्हणाले.

"काय?"

"चौकोनी आहे ना, तो बटाटा आहे. मी भरला. सकाळी चव बघायला म्हणून एक चमचा घेतला, आणि मग... तुझं काही चुकलेलं नाही. इतकं चांगलं झालं होतं, की मला थांबताच आलं नाही. म्हणून खड्डा पडला. म्हणून बुजवला."

बायको उभी राहिली. ओव्हनची काच तिच्या पाठीमागे तांबडी दिसत होती. "तुम्ही माझ्या डिपला गिलावा केलात?"

"हलक्या हाताने केला."

"अरे, पण ते दुसरं?" आई मध्येच म्हणाली आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिने विचारायला नको होतं. "बघतेस काय? ब्रेड आहे तो. दुधात भिजवलेला. मला काय माहीत हा आधीच कोपरा खाऊन बसलाय? मी आपली मीठ बरोबर आहे का बघत होते. माझ्या तोंडाला चव लवकर कळत नाही गं. तीनदा जावं लागलं."

"आई!"

"तिसऱ्यांदा नक्की कळली," आईने खात्री दिली.

आता सगळ्यांनी लेकीकडे बघितलं. लेकीने स्वयंपाकघराच्या छताकडे बघितलं.

"एकाच जागचा नमुना घेऊन चालत नाही, आई. पद्धत असते. वेगवेगळ्या जागांवरून, अगदी तळापर्यंत घ्यावा लागतो. म्हणून स्ट्रॉ घातली. मग भोकं पडली, तर ती उकडलेल्या फ्लॉवरने भरली. पौष्टिक असतो."

"आणि नमुन्यांचं काय केलंस?"

"तपासले," लेक म्हणाली. "खाऊन."

बायकोने ओव्हन बंद केला. जाड फडक्याने भांडं बाहेर काढून ओट्यावर ठेवलं. ते अजून खदखदत होतं. तिने त्या पठाराकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, खांबांकडे बघितलं. ओरडली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे यात माझं काय उरलं?"

आईने लेकीकडे बघितलं, लेकीने मिस्त्रींकडे.

"कोणाचं काय उरलं?"

दारात वहिनी उभ्या होत्या. सूपबाईंचं लक्ष नसल्याचा मोका साधून त्या अखेर सोफ्यावरून निसटल्या होत्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्यांचा चेहरा बदलला, खांदे सरळ झाले, नव्या साडीचा पदर आपोआप कमरेला खोचला गेला. त्यांनी भांड्याकडे नजर टाकली. इस्पितळात अशा नजरेने बघून त्यांनी भल्याभल्यांची पातेली परत पाठवली होती.

"हे काय आहे?"

मिस्त्रींनी घसा साफ केला. "वहिनी, त्याचं असं आहे..."

"तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली. "मी सांगते." आणि तिने सगळं सांगितलं. बटाटा, ब्रेड, फ्लॉवर, थापी, स्ट्रॉ, काहीच लपवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "तेव्हा हे बाहेर नेऊ नका. तुमच्या पार्टीत माझ्यामुळे हसं नको."

वहिनींनी खणातून चमचा काढला, भांडं आपल्याकडे फिरवलं आणि बोट रोखून विचारलं, "हा कोपरा कोणाचा?"

तिघांनी वाकून बघितलं. घरी ओट्यावर भिंतीकडे असलेला, मागचा कोपरा. तिथे ना पठार, ना टेकडी, ना खांब. नुसतं सोनेरी, शांतपणे खदखदणारं डिप.

"माझा नाही," मिस्त्री म्हणाले.

"माझा हात पोचला नाही तिथे," आई म्हणाली. आवाजात थोडी खंतच होती.

"मी जाणार होते," लेक म्हणाली, "पण तेवढ्यात बाबा आले."

वहिनींनी त्या कोपऱ्यात चमचा घातला, फुंकर मारली आणि तोंडात घातला. बाहेर सूपबाई मोठ्याने हसल्या. वहिनींनी चमचा पुन्हा घातला. मग शेजारच्या परातीतला टोस्ट घेतला. बायको दोन्ही हातांनी ओटा धरून उभी होती, चढावर ब्रेक लागेल की नाही याची वाट बघावी तशी.

"हे तू केलंस?"

"तो कोपरा हो. बाकीचं..."

"बाकीचं सोड." वहिनींनी स्टूल ओढलं आणि त्या खाली बसल्या. त्या घरात त्यांना स्वयंपाकघरात बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. "आणि या तिघांनी चोरून खाल्लं? तू नको म्हणून सांगितलेलं असताना?"

"आई तर तीनदा गेली," मिस्त्री म्हणाले.

"तूच खड्डा पाडलास आधी," आई म्हणाली.

वहिनी हसल्या नाहीत. टोस्टचा तुकडा हातात फिरवत राहिल्या. "मी जन्मभर स्वयंपाक केला. इस्पितळातली माणसं खातात, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. घरातली माणसं खातात, कारण मी वाढते. वेळेवर बसतात, वाढलं तेवढं खातात, छान झालंय म्हणतात, उठतात. पण माझ्या पातेल्यावरचं झाकण मी नसताना कोणी उघडलंय, असं एकदा झालं नाही गं. एकदाही नाही. सकाळी केलेलं संध्याकाळी तस्संच असायचं. मला वाटायचं, शिस्त आहे आपल्या घराला."

मिस्त्रींच्या बायकोने दुसरं स्टूल ओढलं आणि वहिनींच्या शेजारी बसली.

दारातून दादांचं डोकं डोकावलं. "आत येऊ का?"

"या," वहिनी म्हणाल्या. "आणि प्रत्येक गोष्ट विचारत जाऊ नका हो."

दादा गोंधळून आत आले. भांडं दिसलं, टोस्ट दिसले. त्यांनी एकदा वहिनींकडे बघितलं, मग धीर करून, न विचारता, एक टोस्ट नेमका मिस्त्रींच्या पठारात खुपसला. "हा भाग जरा घट्ट आहे," ते चघळत म्हणाले, "पण चविष्ट आहे."

"बटाटा आहे तो दादा," मिस्त्री अभिमान लपवत म्हणाले.

मग काय झालं ते कोणी ठरवून केलं नाही. लेक ओट्यावर चढून बसली. आईने ब्रेडची टेकडी आपलीच असल्यासारखी चमच्याने स्वतःकडे ओढून घेतली. मिस्त्रींनी फ्लॉवरचा एक खांब उपटून बघितला आणि "भरलंय मात्र पक्कं" अशी लेकीला पावती दिली. वहिनी त्या मागच्या कोपऱ्यावरून हलायला तयार नव्हत्या. दादांचा टोस्ट तिकडे वळला की त्या चमच्याने त्याला बाजूला सारायच्या आणि मिस्त्रींच्या बायकोपुढे तो भाग सरकवायच्या. "तू खा. तुझाच आहे." मग लगेच स्वतःही खायच्या.

"अहो, गरम पदार्थ येतोय ना?" बाहेरून सूपबाईंची हाक आली. "आम्ही टोस्ट हातात धरून बसलोय!"

आतली सगळी चित्रासारखी थबकली. भांड्याच्या तळाशी आता पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. वहिनी उठल्या, पदर सोडून नीट केला, ओठ पुसले आणि ताठ मानेने बैठकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"डिप बिघडलं," त्यांनी शांतपणे सांगितलं. "धाकट्या जाऊबाईंनी केलं होतं. नाही जमलं बिचारीला."

"अरेरे," बैठकीतून एकसाथ आवाज आला. त्यात सहानुभूती होती आणि आश्चर्य अजिबात नव्हतं.

मिस्त्रींनी घाबरून बायकोकडे बघितलं. आता ही उसळणार, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं जे नाव धुऊन काढायची वाट बघत होती, ते आज भर मंडळींसमोर पुन्हा मातीत गेलं होतं. पण ती भांड्याच्या काठाला चिकटलेली करपट सोनेरी साय टोस्टने खरवडत होती. ती साय तोंडात टाकून ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हनुवटीवर चीजची एक लांब तार लोंबत होती आणि चेहरा दुःखी दिसावा म्हणून तिने ओठ आत दुमडून धरले होते.

सूपबाई उठून तिच्याजवळ गेल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. एकेकाचा हात नसतो, त्याला काय करणार?"

"खरं आहे तुमचं," ती खाली मान घालून म्हणाली. तिचे खांदे हलत होते. सूपबाईंना वाटलं ती रडतेय, म्हणून त्यांनी तिला आणखी जवळ घेतलं.

त्यांच्या मागून वहिनी पुढे झाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा कडक, मुख्याच्या आवाजात म्हणाल्या, "रडून काही होणार नाही. रविवारी लवकर ये इकडे. या तिघांनाही घेऊन ये." आणि मग तिच्या कानाशी वाकून, फक्त तिला आणि शेजारी उभ्या मिस्त्रींना ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या,

"पुन्हा बिघडवू."